लाइट आली आणि मोटर आपली आपण सुरू झाली: पिन आधी कोणाचं ऐकते?

या आठवड्याच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' थोडे कमी केलेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय. कानाने ऐकताना आकडे निसटतात, म्हणून या भागाचं लिखित रूप जरा सविस्तर दिलं आहे.

[००:००] मामांचा हात

दर वेळी मी तुम्हाला फोनमधली एखादी भानगड उलगडून सांगते. आज माझीच एक चूक सांगणार आहे. चूक म्हटली तर एवढीशी, दोन रुपयांचा एक रेझिस्टर लावायचा राहिला. पण तिच्यामुळे माझ्या मामांची बोटं थोडक्यात वाचली.

माझं आजोळ किहीम, अलिबागच्या उत्तरेला. मुंबईची माणसं तिथे समुद्रासाठी येतात. पक्षीवाल्यांना हे गाव सलीम अलींमुळे माहीत असतं, त्यांनी सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास इथेच केला. आमच्यासाठी किहीम म्हणजे मामांची वाडी. नारळ, सुपारी, विहीर आणि घराच्या मागे उंचावर एक टाकी. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळच किनाऱ्यावर आदळलं आणि वाडीतली बरीच झाडं आडवी झाली. मामांनी नवी रोपं लावली. रोपांना उन्हाळ्यात पाणी चुकवून चालत नाही आणि मामांचे गुडघे आता दिवसातून चार वेळा विहिरीवर जाऊ देत नाहीत. म्हटलं, मामा, थांबा, तुमची मोटर मी ऑटोमॅटिक करून देते.

एक रास्पबेरी पाय ४ घेतला. टाकीत फ्लोट स्विच. पायच्या एका पिनवर फ्लोटची वायर, दुसऱ्या पिनवरून रिले, रिलेवरून मोटरचा काँटॅक्टर. २३० व्होल्टचं सगळं काम वायरमनकडून करून घेतलं, तिथे मी हात घातला नाही. पायचा प्रोग्रॅम माझा. टाकी रिकामी झाली की मोटर चालू, भरली की बंद. पंधरा दिवस मस्त चाललं. मामा येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे.

मग मे महिन्यात एका दुपारी लाइट गेली. मोटरच्या मागचा पंखा घासल्यासारखा आवाज करत होता, म्हणून मामांनी तेवढ्यात मागची जाळी काढली आणि पंखा हाताने फिरवून बघायला लागले. मेन स्विच बंद केला नव्हता. लाइटच नाही तर स्विच कशाला, हा आपला सगळ्यांचा हिशोब. स्क्रू-ड्रायव्हर घ्यायला त्यांनी हात बाहेर काढला आणि त्याच क्षणी लाइट आली. मोटर सुरू! जाळी नसलेला पंखा पूर्ण वेगात. अर्धा-पाऊण मिनिट चालली आणि आपली आपण बंद झाली.

मामांचा फोन आला. "अगं, मी कशाला हात पण लावला नाही. लाइट आली आणि हिने घेतली की उडी. टाकी तर भरलेली आहे!"

[०२:४०] लॉगमध्ये काहीच नाही

मी पुण्याहून लॉग उघडला. प्रोग्रॅम प्रत्येक वेळी मोटर चालू-बंद केल्याची नोंद ठेवतो. त्यात लाइट आल्यानंतरची पहिली नोंद अशी: प्रोग्रॅम सुरू, टाकी भरलेली, मोटर बंद. मोटर चालू केल्याची नोंदच नाही.

मला आधी वाटलं, रिले चिकटला असेल. पण चिकटलेला रिले आपला आपण सुटत नाही. मग डोक्यात आलं की मोटर बंद झाली तो क्षण आणि माझा प्रोग्रॅम सुरू झाला तो क्षण एकच आहे. म्हणजे मोटर चालू करणारा माझा प्रोग्रॅम नव्हताच. तो जागा होईपर्यंतच मोटर चालत होती. मग त्या अर्ध्या मिनिटात पिनला कोण सांगत होतं?

आजचा सगळा भाग या एका प्रश्नावर आहे.

[०३:३०] पिन म्हणजे नक्की काय?

चिपचा प्रत्येक पाय म्हणजे एक पिन. प्रोग्रॅमच्या दृष्टीने तिच्यावर फक्त शून्य किंवा एक असतं. प्रत्यक्षात तिच्यावर व्होल्टेज असतं. रास्पबेरी पाय ४ मध्ये पिनवर ० ते ३.३ व्होल्ट चालतात. इनपुट पिनवर साधारण ०.८ व्होल्टच्या खाली असेल तर ते शून्य, २ व्होल्टच्या वर असेल तर एक. मधल्या पट्ट्यात चिप काय वाचेल याची कुणी खात्री देत नाही.

आता समजा, इनपुट पिनला काहीच जोडलेलं नाही. मग ती शून्य वाचेल की एक? बहुतेक जण म्हणतात शून्य. तसं नाही. ती पिन तरंगत असते, तिला फ्लोटिंग म्हणतात. जवळून जाणारी केबल, तुमचं बोट, हवेतला ओलावा, कशानेही तिचं व्होल्टेज हलतं. ती कधी शून्य वाचते, कधी एक.

म्हणून चिपच्या आतच प्रत्येक पिनला एक छोटा रेझिस्टर असतो आणि तो सॉफ्टवेअरने जोडता-सोडता येतो. वरच्या व्होल्टेजला जोडला तर पुल-अप, खाली ग्राउंडला जोडला तर पुल-डाउन. कल्पना करा, दार उघडंच आहे आणि त्याला एक हलकी स्प्रिंग लावली आहे. कुणी ढकललं नाही तर स्प्रिंग ते एका बाजूला ठेवते. कुणी ढकललं की दार सहज हलतं, कारण स्प्रिंग हलकी आहे. पायमधली ही स्प्रिंग साधारण ५० किलो-ओहमची असते, म्हणजे फार हलकी. हे पुढे लागणार आहे, लक्षात ठेवा.

आउटपुट पिनचं गणित वेगळं. ती स्वतः व्होल्टेज देते, पण ताकद मर्यादित. पाय ४ मध्ये ही ताकद, म्हणजे ड्राइव्ह स्ट्रेंग्थ, ठरवता येते, पण ती काही मिलिअँपिअरचीच असते. रिलेच्या छोट्या कॉइललाही ७० मिलिअँपिअरच्या आसपास लागतात. म्हणून पिनने थेट रिले ओढायचा नसतो, मध्ये ट्रान्झिस्टर किंवा मॉस्फेट लागतो. मी मॉस्फेट लावला होता, स्वतः सोल्डर केलेल्या बोर्डवर. आणि तिथेच घोळ होता.

[०६:००] अर्ध्या मिनिटाची उलटतपासणी

लाइट आल्यापासून पिनचा ताबा चार जणांच्या हातातून जातो. क्रमाने बघू.

पहिला, चिपचा रीसेट. करंट मिळताच चिप सगळ्या पिना इनपुट करते आणि आतल्या स्प्रिंगा ठरलेल्या बाजूला लावते. ही बाजू कंपनीने चिप बनवतानाच ठरवलेली असते. पाय ४ मध्ये जीपीआयओ ० ते ८ पुल-अप आणि ९ ते २७ पुल-डाउन.

दुसरा, फर्मवेअर. ते मेमरी कार्डावरची कॉन्फिग फाइल वाचतं आणि त्यात पिनबद्दल काही लिहिलं असेल तर तसं करतं.

तिसरा, लिनक्सचा कर्नल. त्याच्याकडे डिव्हाइस ट्री नावाची यादी असते. कुठल्या पिनवर काय जोडलंय आणि तिने विजेच्या दृष्टीने कसं वागायचं, हे तिच्यात लिहिलेलं असतं.

चौथा, तुमचा प्रोग्रॅम. तो सगळ्यात शेवटी येतो.

मी रिलेसाठी पिन घेतली होती जीपीआयओ ४. का? इंटरनेटवरच्या उदाहरणात ४ होता म्हणून. आता जोडा. लाइट आली, चिप रीसेट झाली, ४ नंबरला पुल-अप लागला. मॉस्फेटच्या गेटला करंट जवळजवळ लागतच नाही, फक्त व्होल्टेज लागतं. म्हणजे ५० किलो-ओहमची हलकी स्प्रिंगसुद्धा त्याला पूर्ण चालू करायला पुरते. मॉस्फेट चालू, रिले चालू, काँटॅक्टर चालू, मोटर चालू. फर्मवेअरने ४ नंबरला हात लावला नाही, कारण मी काही लिहिलंच नव्हतं. कर्नलनेही नाही. अर्ध्या मिनिटाने माझा प्रोग्रॅम आला, त्याने टाकी बघितली आणि मोटर बंद केली.

माझा कोड बरोबर होता. तो सुरू व्हायच्या आधी काय होतं, हा प्रश्नच मी विचारला नव्हता.

[०८:१०] दुरुस्ती: आधी रेझिस्टर, मग सॉफ्टवेअर

दुरुस्ती तीन पायऱ्यांची. क्रम महत्त्वाचा आहे.

एक. मॉस्फेटच्या गेटपासून ग्राउंडला १० किलो-ओहमचा रेझिस्टर. आता आतला ५० किलो-ओहमचा पुल-अप वर ओढतो आणि हा १० चा खाली. गेटवर येतात ३.३ गुणिले १० भागिले ६०, म्हणजे ०.५५ व्होल्ट. तेवढ्यात माझा मॉस्फेट चालू होत नाही. सॉफ्टवेअर असो, नसो, मेमरी कार्ड खराब होवो, मोटर बंदच राहते.

दोन. पिन बदलली. ४ च्या ऐवजी १७, जी रीसेटलाच पुल-डाउन असते.

तीन. कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ घातली. बोलून दाखवते: जीपीआयओ, बरोबरचं चिन्ह, १७, बरोबरचं चिन्ह, ओपी, स्वल्पविराम, डीएल. ओपी म्हणजे आउटपुट, डीएल म्हणजे ड्राइव्ह लो. आता कर्नल उठायच्या आधीच फर्मवेअर त्या पिनला ठामपणे शून्यावर धरतं.

कुणी विचारेल, तिसरी पायरी केली तर पहिली कशाला? कारण लाइट आल्यापासून फर्मवेअरने ती ओळ वाचेपर्यंत काही सेकंद जातात. मोटरच्या पंख्याला तेवढेही पुष्कळ. सॉफ्टवेअर कितीही लवकर आलं तरी विजेच्या नंतरच येतं. ज्या पिनवर माणसाचा जीव आहे, तिचा पहिला क्षण तारेने आणि रेझिस्टरने बांधायचा.

आपली पिन आत्ता काय करतेय ते बघायचं असेल, तर नव्या रास्पबेरी पाय ओएसमध्ये एक छोटी कमांड आहे: पी-आय-एन-सी-टी-आर-एल, मग गेट, मग पिनचा नंबर. पिन इनपुट आहे की आउटपुट, पुल वर आहे की खाली, आत्ता शून्य आहे की एक, सगळं एका ओळीत दिसतं. मी हे पहिल्या दिवशी केलं असतं तर हा भाग झालाच नसता.

[१०:००] खारी हवा आणि हलकी स्प्रिंग

गोष्ट इथे संपत नाही. पाऊस सुरू झाला आणि नवीनच तक्रार. टाकी भरलेली असताना मोटर रात्री अधूनमधून सुरू व्हायची, दोन सेकंदात बंद, परत सुरू. या वेळी लॉगमध्ये नोंदी होत्या. म्हणजे प्रोग्रॅमलाच फ्लोटकडून चुकीचं कळत होतं.

फ्लोटची जोडणी मी मुद्दाम अशी केली होती: पाणी हवं असेल तर फ्लोट पिनला ग्राउंडला जोडतो, नाहीतर पुल-अप तिला वर ठेवतो. यात एक सोय आहे. उंदराने वायर कुरतडली तर पिन वर राहते आणि मोटर बंद राहते. ही कल्पना बरोबर होती. पण पुल-अप मी चिपच्या आतलाच वापरला, ५० किलो-ओहमचा.

किहीमची हवा खारी. टाकीवरच्या जोडाच्या डबीत पावसाळी ओल आणि मीठ साचलं आणि दोन स्क्रूंच्या मधून थोडा करंट गळायला लागला. समजा ही गळती ५० किलो-ओहमच्या रेझिस्टरएवढी आहे. वर ५०, खाली ५०, तर पिनवर ३.३ चं निम्मं, १.६५ व्होल्ट. आपला तो मधला पट्टा! चिप कधी एक वाचणार, कधी शून्य. त्यात तीस मीटरची वायर मोटरच्या केबलला चिकटून नेलेली. लांब वायर अँटेनासारखी वागते आणि शेजारच्या २३० व्होल्टची कुरकुर उचलते.

उपाय? बाहेरून ४.७ किलो-ओहमचा दमदार पुल-अप. तीच गळती, पण आता पिनवर साधारण ३ व्होल्ट. ठाम एक. सोबत पिन आणि ग्राउंडमध्ये एक छोटा कपॅसिटर, प्रोग्रॅममध्ये 'सलग दोन सेकंद तेच वाचलं तरच खरं धर' अशी अट, जोडाला नवी बंद डबी आणि फ्लोटची वायर मोटरच्या केबलपासून हातभर दूर.

हे दूर नेण्याचं शहाणपण आमच्या तालुक्यात जुनं आहे बरं का. अलिबागला पृथ्वीच्या चुंबकत्वाची वेधशाळा आहे ना, ती आधी मुंबईत कुलाब्याला होती. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा त्यांच्या करंटने नाजूक मोजमापं बिघडणार हे दिसत होतं. म्हणून नानाभॉय मूस यांच्या काळात १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली. विजेवरच्या ट्राम मुंबईत धावल्या १९०७ मध्ये. म्हणजे गोंगाट सुरू व्हायच्या आधीच त्यांनी उपकरणं हलवली. मी पाऊस सुरू झाल्यावर हलवली.

[१३:००] हेच तुमच्या खिशात

आता म्हणाल, आमच्याकडे ना वाडी ना मोटर. फोन काढा. आवाजाचं बटण दाबा.

बहुतेक फोनमध्ये त्या बटणाची पिन पुल-अपने वर ठेवलेली असते आणि बटण दाबलं की ती ग्राउंडला लागते. किहीमचा फ्लोट आणि तुमचं बटण, जोडणी एकच. ॲंड्रॉइडच्या पोटात लिनक्सचाच कर्नल आहे आणि ही पिन कशी वागणार हे तिथेही डिव्हाइस ट्रीमध्ये लिहिलेलं असतं. शब्द साधे आहेत: बायस पुल-अप, बायस पुल-डाउन, बायस डिसेबल, ड्राइव्ह स्ट्रेंग्थ, आउटपुट लो.

हे एवढं सुटसुटीत पूर्वी नव्हतं. प्रत्येक चिप कंपनी आपापला पिनचा कोड आपल्या पद्धतीने लिहून कर्नलमध्ये घालायची. २०११ मध्ये एआरएम चिपांच्या या पसाऱ्यावर खुद्द लिनस टोर्वाल्ड्स जाहीरपणे वैतागले होते. त्याच वर्षी लिनस वालेई या दुसऱ्या लिनसने पिन कंट्रोल नावाची एक सामाईक व्यवस्था कर्नलमध्ये आणली. कुठल्या पिनने कुठलं काम करायचं आणि विजेच्या दृष्टीने कसं वागायचं, दोन्ही एकाच ठिकाणी. आता एखादा ड्रायव्हर कामाला लागायच्या आधीच कर्नल त्याच्या पिना 'डिफॉल्ट' नावाच्या अवस्थेत नेऊन ठेवतो.

आणि 'स्लीप' नावाची दुसरी अवस्थाही असते. फोन झोपला की पिनांनीही नीट झोपायचं. समजा एका पिनला पुल-अप तसाच राहिला आणि समोरची चिप तिला खाली धरून बसली. १.८ व्होल्ट आणि ५० किलो-ओहम म्हणजे ३६ मायक्रोअँपिअर सतत वाहणार. दिवसाला एक मिलिअँपिअर-तासापेक्षा थोडं कमीच. ५००० च्या बॅटरीत हे काहीच नाही. पण अशा तीस पिना विसरल्या तर दिवसाला २५-२६, म्हणजे तुम्ही काहीही न करता अर्धा टक्का गेला. एकदोन वर्षं जुन्या फोनची बॅटरी लवकर संपते याला कारणं बरीच असतात, सगळं पिनांवर ढकलू नका. पण फोन बनवणारे इंजिनिअर या मायक्रोअँपिअरच्या मागे आठवडेच्या आठवडे लागलेले असतात, ते यासाठी.

[१५:१०] करणार असाल तर हे चार प्रश्न

कॉलेजच्या प्रोजेक्टला, घरच्या टाकीला, कशालाही पिन जोडायच्या आधी स्वतःला विचारा.

करंट आल्याच्या पहिल्या क्षणी ही पिन वर असेल की खाली? चिपच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, तिथे बघा.

प्रोग्रॅम मध्येच मेला तर? काही लायब्ररी जाताना पिन परत इनपुट करतात. म्हणजे पुन्हा ती स्प्रिंगच्या ताब्यात जाते.

वायर तुटली तर? तुटलेल्या वायरचा अर्थ 'थांब' व्हायला हवा.

आणि लाइट जाऊन आली तर? हे तोंडी सोडवू नका. स्विच पाच वेळा बंद-चालू करून डोळ्यांनी बघा. मोटर लावून नाही, तिच्या जागी बल्ब लावून.

[१६:००] मामांचा जुना स्टार्टर

सगळं दुरुस्त झाल्यावर मी किहीमला गेले. मामांनी पडवीच्या कोपऱ्यातून जुना स्टार्टर काढून माझ्यापुढे ठेवला, हिरवं आणि लाल बटण असलेला. मीच तो काढायला लावला होता.

"हा असताना लाइट आली म्हणून मोटर कधी सुरू झाली नाही," मामा म्हणाले. "हिरवं दाबावं लागायचं."

खरं होतं. त्यात नो-व्होल्ट कॉइल असते. लाइट गेली की ती पकड सोडते आणि लाइट आली तरी कुणी हिरवं बटण दाबेपर्यंत मोटर चालू होत नाही. बनवणाऱ्याने पहिला क्षण आधीच विचारात घेतला होता. राज्यात बऱ्याच ठिकाणी शेतकरी यावर ऑटो स्विच बसवतात, कारण रात्री-अपरात्री लाइट येते आणि उठून जाणं नको असतं. त्यांची अडचण खरी आहे. पण लाइट येताच सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात आणि ट्रान्सफॉर्मरवर भार येतो, म्हणून महावितरण ऑटो स्विच काढा असं वेळोवेळी सांगत असतं. मी वेगळं काय केलं होतं? एक महागडा ऑटो स्विचच बसवला होता, तोही नकळत.

आता जुना स्टार्टर परत जागेवर आहे. पाय फक्त बंद करू शकतो: टाकी भरली की मोटर थांबवतो. सुरू करायचं झालं तर मामांच्या फोनवर मेसेज येतो आणि घरातलं कुणीतरी जाऊन मोटरकडे नजर टाकून हिरवं बटण दाबतं. गुडघ्यांना चारऐवजी एकच फेरी पडते. पूर्ण ऑटोमॅटिक नाही, पण मामांना पटलंय.

आणि दुरुस्तीला जाताना मेन स्विच बंद करून फ्यूज काढून खिशात टाकायचा, हे त्यांनी स्वतःहून सुरू केलंय. लाइट असो वा नसो.

चला मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या घरात लाइट आल्यावर आपलं आपण सुरू होणारं काय काय आहे, ते आज एकदा फिरून बघा. पुढच्या भागात भेटू.